जुनी बोट मोडीत काढा म्हणणाऱ्यांना

फायबरची धडधाकट यॉट विकून कोणी जुनी लाकडी शिडाची बोट दुरुस्त करायला घेतली, की त्याला वेड्यात काढणाऱ्यांची रीघ लागते. पैसे बुडणार, जीव धोक्यात येणार, चार-पाच वर्षांचे रविवार वाया जाणार आणि शेवटी ती बोट कोणी फुकटही नेणार नाही, असं त्याला ऐकवलं जातं. मुंबईच्या बंदरात, गोव्यात, परदेशी स्थायिक होऊन शिडाच्या बोटींचा नाद लागलेल्या आपल्या माणसांतही हाच सूर मी ऐकत आलो आहे. बोलणारी माणसं अनुभवी असतात, हितचिंतक असतात. म्हणूनच नवखा माणूस बिचकतो आणि बेत सोडून देतो. या आक्षेपांना उत्तर द्यायलाच हवं. त्यांतले एक-दोन खरे आहेत, बरेचसे अर्धवट खरे आहेत आणि सगळ्यात जोर देऊन सांगितला जातो तो, म्हणजे जुनी बोट धोक्याची आणि नवी सुरक्षित हा, साफ चुकीचा आहे.

त्यासाठी मी एकाच बोटीची साक्ष काढतो. ती मुंबईत बांधलेली आहे आणि आजही तरंगते आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मुंबईत सागवानाची 32 फुटी बोट बांधून घेतली, ‘सुहेली’. आराखडा तेव्हाच जुना झालेला होता. नॉर्वेच्या खवळलेल्या समुद्रात जाणाऱ्या बचावनौकांच्या घाटणीवरून विल्यम अॅटकिन या अमेरिकन आरेखकाने तो फार आधी काढला होता. काम केलं ते मुंबईच्या सुतारांनी, तासणी आणि दोरीने फिरवायचा सामता असल्या हत्यारांनी. 1965 मध्ये ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. वाटेत पैसे संपले म्हणून दक्षिण आफ्रिकेत मुक्काम करावा लागला, पण ती पोचली.

यानंतर जे घडलं ते आक्षेप घेणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची असं नॉक्स-जॉन्स्टनने ठरवलं, तेव्हा तोही हेच म्हणत होता, की ही जुन्या घाटणीची लाकडी बोट विकावी आणि नवी आधुनिक घ्यावी. कॉलिन म्यूडीने त्याच्यासाठी पोलादी बोटीचा आराखडा तयार केला होता. ‘सुहेली’ विक्रीला काढलेली होती. पैसे देणारा कोणी मिळाला नाही म्हणून नाइलाजाने तो हाताशी होती तीच बोट घेऊन निघाला. 14 जून 1968 ला फालमथहून निघालेली ‘सुहेली’ 22 एप्रिल 1969 ला फालमथलाच परतली, 312 दिवसांनी. हा प्रवास एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीतला होता आणि तीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोचलेली बोट एकच, मुंबईच्या सागवानाची. प्लायवूडच्या दोन वेगवान त्रिकाय बोटीही त्यात होत्या. त्यांतली नायजेल टेटलीची ‘व्हिक्ट्रेस’ घर हाकेच्या टप्प्यात आलेलं असताना अझोर्सजवळ फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्टची ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ अटलांटिकमध्ये बेवारस सापडली, तो स्वतः सापडलाच नाही.

आता मला लगेच सांगितलं जाईल की ‘सुहेली’ गळत होती. हो, गळत होती आणि चांगलीच गळत होती. निघून फार दिवस झाले नव्हते, बोट अटलांटिकमध्येच होती आणि पंपाने उपसून पाणी आटोक्यात येईना. नॉक्स-जॉन्स्टन पाण्याखाली उतरला, तेव्हा कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळकण्याच्या, लगेच वरच्या फळीचा सांधा, मोठ्या डोलकाठीच्या खालच्या भागात, कित्येक फूट लांब उघडलेला दिसला. बोट हेलकावली की फट उघडायची आणि मिटायची. आधी त्याने बुडी मारून नेहमीच्या पद्धतीने सांध्यात सूत ठासून पाहिलं. पण एका श्वासात जेवढं ठासावं तेवढं दुसऱ्या बुडीपर्यंत बाहेर आलेलं असायचं. मग डेकवर बसून त्याने सुती दोर कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवून घेतला, पट्टीला डांबर फासलं, तिच्यात तांब्याचे छोटे खिळे आधीच टोचून ठेवले आणि पुन्हा पाण्यात उतरून ती पट्टी सांध्यावर ठोकली. तिच्यावर रेडिओच्या कामातून उरलेली तांब्याची पट्टी बसवली. गोरी कातडी पाण्यात लांबून दिसू नये म्हणून अंगात गडद शर्ट आणि पँट होती. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन बंदुकीने तो मारावा लागला. मग पुन्हा पाणी, पुन्हा हातोडी. दुसऱ्या बाजूलाही तशीच फट होती, तीही त्याने बुजवली.

ही हकीकत लाकडी बोटींविरुद्ध पुरावा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात नेमका उलटा पुरावा दिसतो. बोटीच्या पोटाला पडलेली भेग एका माणसाने, भर समुद्रात, सूत, कॅनव्हास, डांबर आणि हातोडी एवढ्यावर बुजवली आणि त्यानंतर ती बोट जगाला वळसा घालून आली. पुढे दक्षिण महासागरात लाटेने तिला आडवी पाडलं, केबिनचे सांधे हलले, आपोआप चालणारं सुकाणू मोडलं, पिण्याचं पाणी खराब झालं, रेडिओ मुका झाला. प्रत्येक वेळी दुरुस्ती माणसाच्या हाताच्या आवाक्यात होती. कारण बोट ज्या रीतीने बांधली होती ती रीत त्याला माहीत होती, आणि ती बांधली जात असताना त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

त्याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवा. मे 2014 मध्ये ‘चीकी रफीकी’ ही चाळीस फुटी आधुनिक फायबर यॉट कॅरिबियनहून इंग्लंडला परत येत होती. वाटेत बोटीत पाणी येऊ लागलं. खलाशांना ते कुठून येतंय हे कळेना. मग अटलांटिकच्या मध्यावर तिची कील निखळली, बोट उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. पूर्वी तळ जमिनीला घासल्यामुळे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील जिथे जोडलेली असते तिथला, आतून चिकटवलेला सांगाडा कमकुवत झालेला असू शकतो, असं त्या अहवालात म्हटलं. चिकटवलेला भाग सुटलेला आहे की नाही हे वरून दिसत नाही, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भयंकर भाग. सगळ्या नव्या यॉट अशाच असतात असं मी म्हणत नाही. लाखो चांगल्या आहेत. पण “नवी म्हणजे सुरक्षित” हे वाक्य त्या चार घरांसमोर उच्चारता येणार नाही.

जुन्या लाकडी बोटीत दोष लपत नाही, शोधणाऱ्याला तो सापडतो. जाणता सुतार जुनी बोट तपासतो तेव्हा जवळ उभं राहून पाहावं. लाकडी हातोडीने तो फळीफळीवर ठोकत जातो. चांगलं सागवान खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं, आणि मधेच एखाद्या ठिकाणी आवाज बदलला की तो थांबून टोचा खुपसतो. टोचा अडला तर पुढे जातो, आत गेला तर खडूने फुली मारतो. पाण्याखालच्या भागावर त्याला फारशा फुल्या माराव्या लागत नाहीत. फुल्या पडतात त्या वर, डेकच्या कडेला, केबिनच्या कोपऱ्यांत, डोलकाठीच्या बुडाशी, म्हणजे जिथे पावसाचं पाणी मुरतं तिथे. खाऱ्या पाण्यात लाकूड सहसा कुजत नाही, गोड्या पाण्यात कुजतं, हे समुद्राजवळ न राहणाऱ्याला खोटं वाटतं. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा हा वेगळा शत्रू आहे, पण त्याच्यावर वर्षाकाठी बोट वर ओढून रंग लावणं हा उपाय आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मग कीलचा एखादा बोल्ट काढून पाहतात. लोखंडी बोल्ट मधे बारीक होत होत पेन्सिलीएवढा झालेला निघाला, की सगळेच बदलायचे. तासाभरात मालकाला कळतं की बोटीत काय बिघडलंय, कुठे बिघडलंय आणि किती. दोन फळ्या, चार बरगड्या, सगळे बोल्ट. एवढं स्पष्ट निदान किती नव्या बोटींबाबत मिळतं?

पैशाचा आक्षेप मी मान्य करतो, वाद घालत नाही. जुन्या बोटीवर घातलेला खर्च विकताना परत मिळत नाही. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने जमीन घ्यावी. पण नव्या यॉटचा पैसा तरी कुठे परत येतो? ती ताब्यात आली त्या दिवसापासून तिची किंमत उतरते. शिडं, दोर, इंजिन, नांगर, जागेचं भाडं, हे दोन्हींना लागतं. फरक मजुरीचा, आणि ती मजुरी सुताराच्या घरात जाते. दुरुस्तीत माणसं खरोखर डबघाईला येतात ती क्रम चुकवल्यामुळे. आधी गाद्या शिवतात, पितळ घासतात, रंग लावतात, नवं इंजिन बसवतात, आणि मग कळतं की खालची फळी बदलायला ते इंजिन परत काढावं लागणार. कील, बोल्ट, बरगड्या, फळ्या, डेक, आणि बाकी सगळं मागाहून, हा क्रम ज्याने पाळला त्याचा खर्च आवाक्यात राहतो. ज्याच्याकडे तेवढाही पैसा नाही त्याने छोटी बोट घ्यावी, पण चांगल्या हाडाची घ्यावी.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमाराने लाकडी होडी सोडून फायबरची घेतली याबद्दल मी त्याला अवाक्षर बोलणार नाही. त्याचं पोट तिच्यावर आहे, फायबर हलकं असतं, दरवर्षीची देखभाल कमी लागते, आणि लाकडाचे भाव त्याला परवडत नाहीत. माझं भांडण त्याच्याशी नाही. ज्यांच्याकडे हौसेसाठी बोट घेण्याइतका पैसा आणि सवड आहे, आणि तरीही जे जुन्या बोटीला मोडीत काढायचा सल्ला देतात, त्यांच्याशी आहे.

“तुमची उदाहरणं पन्नास वर्षांपूर्वीची,” असं कोणी म्हणेल. मग आताची घेऊ. 2018 मध्ये ती जुनी शर्यत पुन्हा सुरू झाली आणि नियम मुद्दाम जुनेच ठेवले. बोट 32 ते 36 फुटांची, आराखडा 1988 च्या आधीचा, कील पूर्ण लांबीची आणि सुकाणू तिलाच जोडलेलं. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्या वर्षी गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. ती ‘सुहेली’चीच प्रतिकृती, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिला उलटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. जुन्या घाटणीवर टीका करणारे ‘थुरिया’चं नाव हटकून काढतात. त्याच वादळात आयरिश खलाशी ग्रेगर मॅकगकिनच्या फायबरच्या बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या, हे मात्र ते सांगत नाहीत. त्या लाटांना लाकूड आणि फायबर सारखेच होते.

आणि टॉमी पुढे काय करतात ते पाहा. 2022 च्या शर्यतीसाठी त्यांनी नवी बोट बांधली नाही. 2018 च्या शर्यतीत दुसरी आलेली, एक जगप्रदक्षिणा सोसलेली रस्टलर 36 जातीची बोट घेतली, ती दुरुस्त केली आणि ‘बायानात’ नावाने उतरवली. वाटेत वाऱ्यावर चालणारं सुकाणू पुनःपुन्हा मोडलं, तेव्हा त्यांनी बोटीच्या संडासाचं दार कापून त्याची फळी वापरली. 29 एप्रिल 2023 ला ते दुसरे आले. दोन दिवस आधी पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिची ‘मिनेहाहा’ही जुनीच बोट, कॅनडात विकत घेऊन प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या थंडीत महिनोन्‌महिने खपून दुरुस्त केलेली. सोळा जण निघाले होते. मुख्य गटात शर्यत पूर्ण केली तिघांनी, तिघांच्याही बोटी जुन्या आराखड्याच्या आणि त्यांतल्या पहिल्या दोन आदल्या मालकांनी वापरून झालेल्या. त्याच शर्यतीत फिनलंडच्या टापिओ लेहतिनेनची 1965 ची ‘अॅस्टेरिया’ मात्र अवघ्या काही मिनिटांत बुडाली आणि नॉयशेफरने त्याला वाचवलं. जुनी बोट बुडतच नाही असा माझा दावा नाही. समुद्र कुणाचंच वय विचारत नाही, आणि म्हणूनच वय हे बोट नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

या बोटी फायबरच्या आहेत, लाकडी नाहीत, हे मी लपवत नाही. माझा मुद्दा लाकडाच्या पूजेचा नाहीच. चांगल्या आराखड्याची, जाड हाडाची, दुरुस्त होऊ शकणारी जुनी बोट मोडीत काढणं हा अपराध आहे, मग ती सागवानाची असो वा काचतंतूची. लाकडाच्या बाबतीत तो अपराध अधिक मोठा, एवढंच. फायबरची बोट मेली की तिचं करायचं काय हेही जगाला नीट सुटलेलं नाही. ती वितळवून पुन्हा वापरता येत नाही. फ्रान्सला 2019 पासून जुन्या बोटी तोडण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी करावी लागली आणि नव्या बोटींवर त्यासाठी आकार लावावा लागला. जुन्या लाकडी बोटीचं झाड मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीच तुटलेलं आहे. दोन-चार फळ्या घालून ती आणखी तीस वर्षं चालवणं हाच त्या झाडाचा मान आहे. जंगलाच्या नावाने दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांनी नवी बोट कशापासून बनते याचाही हिशोब मांडावा.

सगळ्यात सभ्य आक्षेप असतो तो संग्रहालयाचा. बोट मोलाची आहे ना, मग ती छपराखाली ठेवा, पाटी लावा, मुलांना दाखवा. ऐकायला हे चांगलं वाटतं आणि बोटीला ते मारक असतं. ‘सुहेली’ला लंडनच्या ग्रीनिच इथल्या नामांकित सागरी संग्रहालयात जागा मिळाली होती. तिथली हवा कोरडी आणि नियंत्रित. समुद्रावर जन्मलेलं लाकूड तिथे सुकू लागलं, फळ्या आक्रसल्या, सांधे उघडू लागले. दक्षिण महासागराला जे जमलं नव्हतं ते काचेच्या छपराखालच्या कोरड्या हवेने सुरू केलं. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढलं आणि पुढची कित्येक वर्षं तिच्या दुरुस्तीत घातली. गंजलेले लोखंडी बोल्ट-खिळे जाऊन त्यांच्या जागी कांस्याचे आले. 14 जून 2018 ला, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ‘सुहेली’ फालमथच्या पाण्यात शीड उभारून होती.

हा माणूस आधुनिक बोटींचा अडाणी विरोधक नाही, हेही सांगायला हवं. 1994 मध्ये पीटर ब्लेकबरोबर ‘एन्झा’ या प्रचंड द्विकाय बोटीतून त्याने 74 दिवसांत जगप्रदक्षिणा केली. वयाच्या पंच्याहत्तरीत, 2014 मध्ये, ‘ग्रे पॉवर’ या साठ फुटी आधुनिक यॉटवरून एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत तो आपल्या गटात तिसरा आला. वेग काय असतो हे त्याच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल. आणि तरीही म्हातारपणी हात घातला तो मुंबईच्या जुन्या बोटीच्या बरगड्यांत. आक्षेप घेणाऱ्यांनी याला निव्वळ भावुकपणा म्हणण्याआधी दोन्ही प्रकारच्या बोटींवर त्याच्या निम्मे मैल तरी करावेत.

फ्रान्सिस चिचेस्टरच्या ‘जिप्सी मॉथ’ चौथीचंही तेच. 1966-67 मध्ये जगाला फेरी मारून आलेली ही बोट ग्रीनिचलाच कोरड्या गोदीत बसवली आणि ती तिथे सुमारे पस्तीस वर्षं झिजत राहिली. शेवटी एक पौंड आणि एक पेला जिन-टॉनिक एवढ्या किमतीला ती विकली गेली, 2005 मध्ये दुरुस्त होऊन पाण्यात उतरली आणि तरुण खलाशी घेऊन पुन्हा जगाभोवती गेली. वाटेत पॅसिफिकमधल्या प्रवाळाच्या खडकावर आपटली, फुटली, तिथून काढून न्यूझीलंडला दुरुस्त केली आणि 2007 मध्ये प्लिमथला परत आली. काचेआड ठेवली असती तर आपटली नसती, हे खरंच. पण मग त्या पोरांनी तिचं सुकाणूही धरलं नसतं.

“इतक्या फळ्या बदलल्यावर ती तीच बोट कशी?” हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी मुंबईच्याच दुसऱ्या जहाजाकडे पाठवतो. जमशेटजी बोमनजी वाडियांनी 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानाचं ‘ट्रिंकोमाली’ बांधलं. ते आज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. 1990 ते 2001 एवढी वर्षं त्याची दुरुस्ती चालली आणि अजूनही त्याचं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे. एवढी वर्षं ते टिकलं याचं कारण कोणी सांगत नाही. ते जवळजवळ नव्वद वर्षं, 1897 ते 1986, मुलांना दर्यावर्दीपणा शिकवण्याच्या कामी होतं. रोज कोणीतरी त्याचं डेक घासत होतं, पाणी उपसत होतं, दोर बदलत होतं. ज्या जहाजाला काम होतं ते वाचलं.

आता शेवटचा आक्षेप, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. जुनी बोट कशाला दुरुस्त करता, तिच्यासारखी नवी बांधा, असं म्हणतात. प्रतिकृतीला माझा विरोध नाही. पण मूळ बोट नसेल तर प्रतिकृती कशावरून करणार, याचं उत्तर आपल्याला नुकतंच मिळालं आहे. प्राचीन भारतीय शिवलेलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा मोजायला एकही जुनं जहाज उरलेलं नव्हतं, आराखडाही नव्हता. हाती होतं फक्त अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं एक चित्र. त्या एका चित्रावरून आकार ठरवावा लागला, मद्रासच्या आयआयटीत नमुना पाण्यात घालून चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि फळ्या दोरांनी शिवणारे कारागीर आपल्या किनाऱ्यावर नव्हते म्हणून केरळहून बाबू शंकरन यांच्या हाताखालची माणसं दिवाडीला आणावी लागली. मे 2025 मध्ये कारवारला ते जहाज ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. आणि त्याच वेळी असंही वाटतं, की एकच जुनं शिवलेलं जहाज कोणी दुरुस्त करत करत आपल्यापर्यंत आणलं असतं, तर भिंतीवरच्या रंगांकडे पाहून अंदाज बांधायची वेळ आली नसती.

कोकणच्या मचव्यांचं, शिबाडांचं, पडावांचं आपण हेच करतो आहोत. खाडीच्या काठाला एखादं जुनं धूड कलंडलेलं असतं, पावसाळ्यागणिक फळ्या गळतात, मुलं त्याच्यावर खेळतात, आणि एके दिवशी ते सरपणाला जातं. छायाचित्र काढून ठेवलं की झालं, असं आपल्याला वाटतं. छायाचित्रात फळीची कड किती तासली होती ते दिसत नाही. दोन खिळ्यांमधलं अंतर दिसत नाही, बरगडीला नैसर्गिक बाक असलेलं लाकूड कोणत्या झाडाचं निवडलं ते दिसत नाही, शिडाचं परबाण चढवताना दोर कुठून ओवायचा ते दिसत नाही. हे सगळं एका ठिकाणी कळतं, बोट उघडून पुन्हा बांधताना. ते करू शकणारे सुतार आपल्या बंदरांत अजून आहेत, म्हातारे झालेत, आणि त्यांच्या मुलांना कोणी कामच दिलं नाही तर ती ते शिकतील कशाला? दुरुस्तीला आलेली एक जुनी बोट एका सुताराला दोन-तीन वर्षं काम देते आणि त्याच्या हाताखालच्या पोराला आयुष्यभराचा धंदा शिकवते. बाहेरून तयार आणलेली यॉट बंदरातल्या कुठल्या सुताराला असं काम देते?

म्हणून ज्यांच्याकडे नवी यॉट आहे आणि मनात जुन्या बोटीचा विचार घोळतो आहे त्यांना माझं सांगणं आहे: विका. चांगली किंमत येते आहे तोवर विका, जुनी बोट घ्या, आधी जाणत्या सुताराकडून हातोडी आणि टोचा लावून घ्या, कीलचा बोल्ट काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ज्यांच्या दारात, खाडीत किंवा वाडीच्या टोकाला असं एखादं जुनं शिडाचं वहाण पडून आहे, त्यांना विनंती आहे. ते फोडून लाकूड विकण्याआधी एकदा ते पाण्यात नेऊ इच्छिणारा माणूस शोधा. किमतीसाठी अडू नका. एका रुपयाला दिलंत तरी चालेल, अट फक्त एकच घाला, की त्याने ते चालवलं पाहिजे.